विरोधक कुणाच्या नजरेत?

१९८७ चा जानेवारी सरत आला होता. ग्वाटेमालातल्या एका घरात आई, वडील आणि त्यांचा अठरा वर्षांचा मुलगा एवढेच होते. दोन गनीम दारात येऊन उभे राहिले. अंगावर गणवेश, हातात बंदुका, अर्ध्या तोंडावर रुमाल. आमच्यात सामील व्हा, असं त्यांनी तिघांना सांगितलं. तिघांनीही नाही म्हटलं. का नाही, असं विचारून ते गेले, आणि जाताना 'नीट विचार करून ठेवा, आम्ही परत येऊ' असं बजावून गेले. मार्चअखेर मुलाने देश सोडला. त्यानंतर ती माणसं आणखी दोनदा घरी येऊन गेल्याचं घरच्यांनी त्याला कळवलं.

मुलगा अमेरिकेत पकडला गेला, त्याने आश्रय मागितला आणि त्याचं प्रकरण थेट सर्वोच्च न्यायालयात पोचलं. २२ जानेवारी १९९२ रोजी सहा विरुद्ध तीन मतांनी तो हरला. निकाल न्यायमूर्ती अँटोनिन स्कॅलिया यांनी लिहिला. निर्वासित ठरायला छळाची भीती पुरत नाही. तो छळ वंश, धर्म, राष्ट्रीयत्व, विशिष्ट सामाजिक गट किंवा राजकीय मत या पाचांपैकी एखाद्या कारणासाठी व्हायला हवा, हे १९५१ च्या निर्वासितविषयक कराराचं सूत्र अमेरिकी कायद्यातही आहे. स्कॅलिया यांचं म्हणणं असं, की गनिमांत जायला नकार देण्यामागे लढाईची भीती असेल, घर सोडवत नसेल, चार पैसे मिळवायचे असतील. चळवळीचा समर्थकसुद्धा भरतीला नकार देऊ शकतो. म्हणून नकार म्हणजे राजकीय मत असं धरून चालता येत नाही, आणि गनीम त्याच्या मतासाठीच त्याच्या मागे लागतील याचा पुरावा त्याने द्यायला हवा. त्या मुलाने आपलं कारण प्रामाणिकपणे सांगितलं होतं: गनीम सरकारच्या विरोधात आहेत, त्यांच्यात गेलो तर सरकार सूड घेईल. हाच प्रामाणिकपणा त्याच्या विरोधात गेला.

न्यायमूर्ती स्टीव्हन्स यांनी वेगळं मत नोंदवलं. मत नकारातूनही व्यक्त होतं, हे त्यांनी मतदानाच्या दिवशी घरी थांबणाऱ्या आणि निष्ठेची शपथ घ्यायला नकार देणाऱ्या माणसांची उदाहरणं देऊन मांडलं. मला तेच पटतं. मात्र खरी अडचण त्याच्याही एक पायरी खाली आहे. बहुमताचा निकाल मुलाच्या मनात डोकावत राहिला. बंदूक त्या मुलाच्या हातात नव्हती. दारात उभ्या असलेल्या दोघांनी त्या नकाराचा काय अर्थ लावला, हा प्रश्न होता, आणि त्याचा पुरावा आणायचा तर तो मुलगा कुठून आणणार? रुमाल बांधून आलेली माणसं आपल्या हेतूचा दाखला लिहून देत नाहीत.

सशस्त्र गटाच्या भीतीने पळालेल्या माणसाचा दावा कसा तोलायचा, हा प्रश्न गेली चाळीसेक वर्षं जगातल्या आश्रय-न्यायालयांपुढे आहे. गटांची नावं बदलतात. फार्क, आयएनएलए, जीआयए, एलटीटीई, बोको हराम, अल-शबाब, तालिबान. ज्या टेबलावर हे दावे तपासले जातात तिथली एक सवय मात्र हट्टी आहे. सुरक्षित देशातला अधिकारी अर्जदाराला विचारतो, 'तुझं राजकीय मत काय?' अर्जदार म्हणतो, 'मला काही मत नाही हो, मी ट्रक चालवत होतो.' आणि अर्ज तिथेच लंगडा पडतो.

या सवयीला सर्वांत ठोस उत्तर कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयाने दिलं, ३० जून १९९३ रोजी. अर्जदार उत्तर आयर्लंडचा, आयएनएलए या सशस्त्र गटाचाच सदस्य. ओलिसांवर पहारा ठेवायची कामगिरी त्याच्याकडे होती. ओलिसांना मारायचा हुकूम आला आहे हे कळल्यावर त्याने त्यांना पळून जाऊ दिलं. गटाला संशय आला. त्याला पकडून त्याचा छळ केला, स्वतःचंच 'कोर्ट मार्शल' भरवून मृत्युदंड सुनावला. तो निसटला, पोलिसांकडे गेला, ओलीसप्रकरणातल्या सहभागासाठी शिक्षाही भोगली आणि सुटल्यावर कॅनडात पोचला. त्याने भाषण केलं नव्हतं की पत्रक काढलं नव्हतं. एक दार उघडं सोडलं होतं.

न्यायमूर्ती ला फॉरेस्ट यांच्या निकालाने तीन गोष्टी पक्क्या केल्या. छळात सरकारचा हात असायलाच हवा असं नाही. सरकार वाचवू शकत नसेल तरी पुरे. राज्ययंत्रणा आणि धोरण ज्यात गुंततात अशा कुठल्याही बाबीवरचं मत हे राजकीय मतच. आणि ते मत अर्जदाराने बोलून दाखवलेलं असायलाच हवं असं नाही, इतकंच काय, त्याचं खरं मत तेच असण्याचीही गरज नाही. छळणारा त्याच्या कृतीतून कोणतं मत वाचतो ते महत्त्वाचं. युरोपीय संघाने २००४ च्या निर्देशात हेच तत्त्व कलम १० मध्ये घातलं. कागदावर तरी हा मुद्दा आता बहुतेक ठिकाणी मान्य आहे. त्याला 'लादलेलं मत' म्हणतात, म्हणजे दुसऱ्याने तुमच्या कपाळावर चिकटवलेलं.

मराठी वाचकाला हे समजायला परदेशी निकालांची गरज पडू नये. गडचिरोलीत 'पोलीस खबऱ्या' या दोन शब्दांनी किती जीव गेले! प्रेताशेजारी माओवाद्यांचं पत्रक, त्यावर हे दोन शब्द. तो माणूस खरोखर खबर देत होता का, की फक्त आठवडी बाजारात पोलिसाशी दोन शब्द बोलला, पोरगा पोलीस भरतीला गेला म्हणून डोळ्यांवर आला, की गावातल्या जमिनीच्या जुन्या भांडणात कुणी त्याचं नाव दलमच्या, म्हणजे माओवाद्यांच्या सशस्त्र तुकडीच्या, कानावर घातलं, हे मेल्यावर कोण तपासणार? कोलंबियात अशा माणसाला 'सापो' म्हणतात, म्हणजे बेडूक. तिथे शोकसंदेशाचं छापील कार्ड जिवंत माणसाच्याच नावाने घरी धाडायची रीत आहे. काश्मीरमध्ये 'मुखबिर' हा शब्द होता. प्रत्येक ठिकाणी शब्द वेगळा, पण शिक्का उमटवण्याची रीत एकच: गट स्वतःला न्यायालय समजतो, आणि पुराव्याची त्याची पातळी फार खाली असते.

विरोधक ठरणारी माणसं कोण, याची यादी म्हणूनच लांबते. सैनिक आणि पोलीस तर आहेतच. पण सरकारी शाळेतला मास्तर, लसीकरणाला फिरणारी बाई, मदतसंस्थेचा चालक, दुभाषा, पत्रकार, लष्करी तळावर माल पोचवणारा कंत्राटदार, खंडणी द्यायला नकार देणारा दुकानदार, मुलगा भरतीला न देणारा बाप. सोमालियात २०१६-१७ च्या निवडणुकीत सर्वसाधारण मतदान झालंच नाही. कुळांतल्या वडीलधाऱ्यांनी निवडलेले प्रतिनिधी मत देत होते. त्या प्रतिनिधींना आणि वडीलधाऱ्यांना अल-शबाबने नंतर वेचून मारलं. एका कागदावर नाव होतं, एवढाच त्यांचा राजकारणाशी संबंध.

आज स्वयंसिद्ध वाटणारी गोष्ट, म्हणजे सरकारशिवाय दुसऱ्या कुणी केलेला छळही करारात मोडतो, ही युरोपात बरीच उशिरा रुजली. जर्मनी आणि फ्रान्स दीर्घकाळ असं मानत, की छळ सरकारच्या माथी मारता आला पाहिजे. ज्या देशात सरकारच कोसळलंय तिथला माणूस मग निर्वासित ठरतच नसे. १९ डिसेंबर २००० रोजी ब्रिटनच्या हाउस ऑफ लॉर्ड्सने दोन माणसांबाबत निर्णय दिला: एक सोमाली, त्याला जर्मनीला परत धाडायचं होतं, दुसरा अल्जीरियातला, जीआयए या सशस्त्र गटाच्या धमक्यांनी पळालेला, त्याला फ्रान्सला. लॉर्ड्सनी म्हटलं की कराराचा खरा अर्थ एकच असतो, आणि तो त्या दोन देशांनी लावलेला नाही. तिकडे पाठवता येणार नाही. फ्रान्सने २००३ च्या कायद्याने आणि जर्मनीने १ जानेवारी २००५ पासून आपली भूमिका बदलली.

त्याहून मोलाचा मला २५ जुलै २०१२ चा ब्रिटिश सर्वोच्च न्यायालयाचा निकाल वाटतो, झिम्बाब्वेच्या अर्जदारांबाबतचा. २००८ च्या निवडणुकीनंतर तिथे सत्ताधारी झानू-पीएफच्या टोळ्या रस्त्यांवर अडथळे लावून बसत. पक्षाचं कार्ड दाखव, नाहीतर पक्षाची नवी गाणी म्हणून दाखव. नाही जमलं तर मार. ब्रिटिश सरकारचा युक्तिवाद असा, की ज्याला राजकारणात रसच नाही त्याने खोटं बोलून सुटावं, त्यात त्याचं काय जातं? न्यायालयाने हे मान्य केलं नाही. मत नसण्याचा हक्क हाही मत असण्याइतकाच संरक्षित आहे, आणि खोटी निष्ठा दाखवून जगा असं कुणाला सांगता येणार नाही, असं त्यांनी ठरवलं. ग्वाटेमालातल्या त्या मुलाला वीस वर्षांनी, दुसऱ्या खंडात, दुसऱ्याच्या नावावर मिळालेला हा न्याय आहे असं मला राहून राहून वाटतं. बंदुकीच्या राज्यात 'मी कुणाचाच नाही' हे वाक्य बंदूकवाल्याला विरोधासारखंच ऐकू येतं, हे इथे एका वरिष्ठ न्यायालयाने उघड मान्य केलं.

तत्त्व असं मान्य झालं, तरी दावे हरतच राहिले. अडचण आता तत्त्वाऐवजी तपशिलांत शिरली, आणि त्यासाठी सोमालियाकडे नीट पाहायला हवं.

अल-शबाब २००६ च्या सुमारास इस्लामी न्यायालयांच्या आघाडीतून पुढे आली. इथिओपियाचं सैन्य त्या डिसेंबरात घुसलं आणि परकी फौजेविरुद्धच्या रागावर ही संघटना पोसली. काही वर्षं राजधानी मोगादिशूचा मोठा भाग तिच्या ताब्यात होता. ऑगस्ट २०११ मध्ये तिने राजधानीतून माघार घेतली, पुढच्या वर्षी किस्मायो बंदर गेलं, २०१४ मध्ये बरावे गेलं आणि नेता अहमद अब्दी गोदाने अमेरिकी हल्ल्यात मारला गेला. नकाशावर पाहिलं तर संघटना मागे हटत होती. पण तिची हेरशाखा, अम्नियात, नकाशावर दिसत नाही. राजधानी सोडल्यावरही तिथले व्यापारी अल-शबाबला कर भरत राहिले, सरकारलाही भरत राहिले. ज्या शहरात तुमच्या दुकानाचा गल्ला त्यांना माहीत असतो, त्या शहरातून त्यांनी माघार घेतली या म्हणण्याला किती अर्थ उरतो?

न्यायालयांचे निर्णय मात्र नकाशाच्या मागून चालले. २८ जून २०११ रोजी स्ट्रासबर्गच्या मानवी हक्क न्यायालयाने ब्रिटनविरुद्धच्या खटल्यात म्हटलं, की मोगादिशूतली हिंसा इतकी आहे की तिथे जवळपास कुणालाही पाठवणं म्हणजे अमानुष वागणुकीच्या तोंडी देणं. अल-शबाबच्या प्रदेशाबद्दल त्या निकालातलं निरीक्षण मला फार बारकाईचं वाटतं: ज्याला तिथे राहण्याचा ताजा अनुभव नाही, त्याला तिथले नियम पाळून वाट काढता येणार नाही, त्याच्याकडून चूक होणारच. परदेशात दहा वर्षं काढलेल्या माणसाची चाल, केस, पॅन्टची लांबी, मोबाइलमधलं गाणं, सगळंच साक्ष देऊ लागतं. दोनच वर्षांनी, ५ सप्टेंबर २०१३ रोजी, त्याच न्यायालयाने स्वीडनच्या खटल्यात परिस्थिती सुधारली म्हणून उलट निष्कर्ष काढला. ऑक्टोबर २०१४ मध्ये ब्रिटनच्या वरिष्ठ न्यायाधिकरणाने मार्गदर्शक निर्णय दिला. तो 'एमओजे' या आद्याक्षरांनी ओळखला जातो. सुरक्षा दल, सरकार, मदतसंस्था यांच्याशी संबंध नसलेल्या 'सामान्य नागरिकाला' अल-शबाब मुद्दाम लक्ष्य करणार नाही, असं त्यात म्हटलं. आणि हल्ले होण्याजोग्या जागा टाळल्या तर धोका आणखी कमी करता येईल, असंही.

हा निर्णय निष्काळजीपणे लिहिलेला नाही. ढीगभर पुरावा वाचून, तज्ज्ञांची उलटतपासणी होऊन तो आला. तरीही 'सामान्य नागरिक' हा खण कुणी आखलेला आहे, हा प्रश्न माझ्या मनातून जात नाही. मोगादिशूत निम्म्या घरांत कुणी ना कुणी सरकारी पगारावर, मदतसंस्थेच्या कंत्राटावर किंवा हॉटेलात कामाला असेल, तर हा खण किती माणसांना पुरतो? आणि ही सीमारेषा अल-शबाब मानते याला हमी कोणाची? १४ ऑक्टोबर २०१७ रोजी के-फाइव्ह चौकात ट्रकबॉम्ब फुटला, पाचशेहून जास्त माणसं मेली. जबाबदारी कुणी घेतली नाही; संशय अल-शबाबवरच राहिला. तो चौक म्हणजे बसथांबे, दुकानं, गर्दी. तिथून जाणं टाळायचं तर शहरात जगायचं कसं? परिस्थितीची माहिती गोळा करणारी सरकारी पथकं पुष्कळदा नैरोबीत किंवा मोगादिशूच्या विमानतळाच्या कुंपणाआड मुलाखती घेतात. त्यांचा दोष नाही, बाहेर पडणं त्यांनाही धोक्याचंच असतं. पण जिथे माहिती घेणाऱ्याला जाता येत नाही, तिथे परत जाऊन राहा असं दुसऱ्याला सांगताना हात थोडा थबकायला हवा.

यातूनच 'देशातल्या देशात दुसरीकडे जा' हा मुद्दा येतो. गावात धोका असेल, शहरात जा. अशा निर्णयांत मुंबईचं नाव वरचेवर येतं, हे मराठी वाचकाला नवल वाटेल. पंजाबातून आलेल्या अर्जदारांना कॅनडातले अधिकारी सुचवतात ती ठिकाणं म्हणजे मुंबई, दिल्ली, कोलकाता, बंगळूर. मोठं शहर, कुणी कुणाला ओळखत नाही. कित्येक प्रकरणांत हे बरोबरही असेल. पण मुंबईत खोली भाड्याने घ्यायची तर आधार, पोलीस पडताळणी, गावचा पत्ता, ओळखीचा माणूस लागतो, हे इथल्या कुणालाही सांगावं लागणार नाही. कॅनडाच्याच अपील न्यायालयाने १९९३ मध्ये श्रीलंकेतल्या तमिळ अर्जदाराच्या खटल्यात बजावलं होतं, की पर्यायी जागा प्रत्यक्षात जगण्याजोगी हवी. डोंगरातल्या गुहेत, वाळवंटात, जंगलात लपून राहा असं सांगून चालणार नाही. सशस्त्र गटाच्या बाबतीत आणखी एक गोष्ट पाहावी लागते: त्या गटाचे हात किती लांब आहेत, आणि या माणसासाठी ते हात लांबवण्याची त्याला गरज वाटेल का? कोलंबियाच्या अर्जदाराला बोगोटाला जा म्हणताना हाच हिशेब करावा लागे. तिथल्या सरकारी नोंदणीत संघर्षाचे ९० लाखांवर बळी आहेत, बहुसंख्य आपल्याच देशात विस्थापित झालेले. म्हणजे 'दुसरीकडे जा' हा सल्ला त्यांतल्या पुष्कळांनी आधीच पाळला होता, कुणी दोनदा, कुणी तीनदा.

काबूलचं उदाहरण तर वाचवत नाही. संयुक्त राष्ट्रांच्या निर्वासित उच्चायुक्तालयाने ऑगस्ट २०१८ मध्येच म्हटलं होतं, की काबूल हा सर्वसाधारणपणे पर्याय धरता येणार नाही. त्याच वर्षी ब्रिटिश न्यायाधिकरणाचा निष्कर्ष वेगळा होता: जो बडा अधिकारी किंवा हेर नाही, ज्यात तालिबानला फारसं स्वारस्य नाही, त्याला काबूलमध्ये तालिबानपासून खरा धोका नाही. प्रकरण पुन्हा ऐकून मे २०२० मध्ये आलेल्या निर्णयातही धडधाकट एकट्या पुरुषाने काबूलला जाणं वाजवी धरलं गेलं. पंधरा महिन्यांनी, १५ ऑगस्ट २०२१ रोजी, तालिबान काबूलमध्ये होते. न्यायाधीशांना भविष्य दिसत नव्हतं, कुणालाच दिसत नव्हतं. पण निर्वासिताचा कायदा भविष्याविषयीचाच आहे. परत गेल्यावर काय होईल, हाच त्याचा एकमेव प्रश्न. ज्या गटाची ताकद चढती आहे त्याच्या आजच्या स्वारस्यावर उद्याची सुरक्षितता बांधणं फार जोखमीचं आहे.

आता पुराव्याकडे. तालिबानची धमकीपत्रं रात्री दाराला चिकटवली जात, म्हणून त्यांना शबनामा म्हणत. आश्रयाच्या फायलींत ती येऊ लागली, आणि मागणी आहे म्हटल्यावर खोटीही विकली जाऊ लागली. झालं, आता प्रत्येक पत्रावर संशय. खरं पत्र आणि खोटं पत्र दिसायला सारखंच: हाताने लिहिलेलं, शिक्का मारलेलं, तारीख अर्धवट. कागद एकटा न वाचता सगळ्या हकिगतीबरोबर वाचायचा, हा ब्रिटनमध्ये २००२ पासून रुळलेला नियम आहे. नियम शहाणपणाचा आहे, पण तो पाळायला वेळ आणि धीर लागतो, आणि मुलाखतींच्या रांगेत या दोन्हींची टंचाई असते.

मग राहते माणसाची जीभ. पहिल्या मुलाखतीत तो म्हणाला चार माणसं आली होती, दुसऱ्यात म्हणाला पाच. झाला खोटारडा. २००२ मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये एक अभ्यास आला. कोसोव्हो आणि बोस्नियातून आलेल्या, आधीच राहण्याची परवानगी मिळालेल्या, म्हणजे खोटं बोलायचं काहीच कारण नसलेल्या ३९ माणसांना त्यांच्या आठवणी दोनदा विचारल्या. विसंगती सर्रास निघाल्या. कडेच्या तपशिलांत अधिक, आणि मानसिक आघात ज्यांच्यावर जास्त त्यांच्या बाबतीत दोन मुलाखतींमधलं अंतर वाढलं तशा आणखी. तरीही आजही नकारपत्रांत कडेच्या तपशिलांचीच यादी सापडते. वर ब्रिटनने २०२२ च्या कायद्याने पायरी उंच केली: अर्जदाराला राजकीय मत आहे किंवा ते त्याच्यावर लादलं गेलं आहे, ही गोष्ट आता 'असण्याची शक्यता नसण्यापेक्षा जास्त' या मापाने सिद्ध करावी लागते. दुसऱ्याच्या डोक्यातली समजूत या मापाने सिद्ध करायची, आणि तो दुसरा बंदूक घेऊन जंगलात!

निर्णय करणाऱ्यावर किती अवलंबून असतं, याचा धक्कादायक आकडा २००७ चा आहे. अमेरिकेतल्या तीन कायद्याच्या प्राध्यापकांनी आश्रयाच्या निकालांचा मोठा ताळेबंद मांडला. मायामीच्या एकाच न्यायालयात कोलंबियाच्या अर्जदारांपैकी एका न्यायाधीशाने ८८ टक्क्यांना आश्रय दिला, दुसऱ्याने ५ टक्क्यांना. तीच इमारत, तोच देश. त्या काळात कोलंबियातून पळणाऱ्यांत फार्क या गनिमी गटाच्या आणि निमलष्करी टोळ्यांच्या धमक्या मिळालेले पुष्कळ असत. माणसाचं नशीब त्याच्या दाव्यात नव्हतं, कुठल्या दाराआड फाइल गेली यात होतं.

एक बाब मात्र मला वाचतानाही असह्य होते. सशस्त्र गटाला विरोध करणाऱ्यालाच त्या गटाचा मदतनीस ठरवणारा कायदा. कोलंबियात खंडणीला 'वाकूना' म्हणतात, शब्दशः लस. टोचून घेतली की वर्षभर जीव वाचतो. ती दिली की अमेरिकी कायद्याच्या दृष्टीने दहशतवादी संघटनेला 'भौतिक साहाय्य' झालं, आणि आश्रयाचं दार बंद. जून २०१८ मध्ये अमेरिकेच्या स्थलांतर अपील मंडळापुढे एल साल्वादोरच्या एका स्त्रीचं प्रकरण आलं. १९९० मध्ये गनिमांनी तिला पळवून नेलं, तिच्या डोळ्यांदेखत तिच्या नवऱ्याला स्वतःची कबर खणायला लावून मारलं, आणि तिला स्वयंपाक, धुणं, साफसफाई करायला ठेवलं. मंडळाने बहुमताने ठरवलं की हे साहाय्यच आहे. जबरदस्तीने केलं म्हणून सुटत नाही आणि थोडंच केलं म्हणूनही सुटत नाही. सूट द्यायचा अधिकार सरकारने स्वतःकडे ठेवला आहे, पण तो हक्क म्हणून मागता येत नाही. ज्यांनी खरोखर अत्याचार केले त्यांना आश्रय नाकारणं करारातच आहे आणि ते योग्यच आहे. या बाईला त्याच रांगेत उभं करणं हा मात्र उघड अन्याय आहे, आणि तो तसाच म्हणायला हवा.

तालिबान आता गट राहिला नाही, सरकार झालं. १७ ऑगस्ट २०२१ रोजी त्यांच्या प्रवक्त्याने सर्वांना माफी जाहीर केली. संयुक्त राष्ट्रांच्या अफगाणिस्तान मोहिमेने त्या ऑगस्टपासून जून २०२३ अखेरपर्यंत माजी अधिकारी आणि सैनिकांविरुद्धच्या किमान ८०० घटना नोंदवल्या, त्यांत किमान २१८ हत्या. माफीची घोषणा आणि हा आकडा शेजारी ठेवून दावा तपासायचा असतो. आणि मग ब्रिटनच्याच हातून घडलेली ती चूक: फेब्रुवारी २०२२ मध्ये संरक्षण खात्याकडून एक तक्ता बाहेर फुटला, त्यात ब्रिटनबरोबर काम केल्याच्या आधारावर आश्रय मागणाऱ्या सुमारे १९ हजार अफगाणांची माहिती होती. खात्याला ते कळायला ऑगस्ट २०२३ उजाडलं, आणि न्यायालयाच्या गुप्ततेच्या आदेशामुळे जगाला कळायला १५ जुलै २०२५. पॉल रिमर या निवृत्त अधिकाऱ्याने आढावा घेऊन म्हटलं, की तालिबानकडे जुन्या सरकारच्या नोंदी आधीपासूनच असल्याने केवळ या तक्त्यात नाव असल्याने धोका फारसा वाढत नाही. असेलही. पण ज्याचं नाव त्यात आहे त्याने हे वाक्य वाचून रात्री झोपावं कसं?

भारतात या सगळ्याला कायद्याची चौकटच नाही. १९५१ च्या करारावर आपली सही नाही, १९६७ च्या पूरक करारावरही नाही. १ सप्टेंबर २०२५ पासून १९४६ च्या परकीय नागरिक कायद्याची जागा नव्या कायद्याने घेतली, पण निर्वासित कोण याची व्याख्या त्यातही आली नाही. दिल्लीत संयुक्त राष्ट्रांच्या निर्वासित उच्चायुक्तालयाचं कार्यालय अफगाण, सोमाली वगैरेंच्या मुलाखती घेऊन कार्ड देतं. त्या कार्डाचं वजन बऱ्याच अंशी समोरच्या पोलीस अधिकाऱ्यावर ठरतं. सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्ये चकमा निर्वासितांच्या प्रकरणात घटनेच्या कलम २१ चं संरक्षण परक्या माणसालाही आहे असं म्हटलं होतं, तोच काय तो आधार. २०१९ ची नागरिकत्व दुरुस्ती अफगाणिस्तानातल्या मुस्लिमांना वगळते. तालिबानच्या नजरेत विरोधक ठरलेला काबूलचा मुस्लिम शिक्षक त्यात बसत नाही. पुण्यात शिकणाऱ्या अफगाण मुलांचं काय झालं ते आठवून पाहावं. जुन्या सरकारच्या काळात, पुष्कळदा भारताच्या शिष्यवृत्तीवर ती आली, आणि २०२१ च्या त्या ऑगस्टात वसतिगृहात बसल्या बसल्या त्यांचा देश बदलला. निघताना ती कुणाची विरोधक नव्हती. देशाबाहेर असतानाच परिस्थिती पालटून निर्वासित झालेल्यांना करारात जागा आहे. इथे त्यांना व्हिसाच्या मुदतवाढीच्या अर्जात जागा शोधावी लागली.

सीमा न ओलांडलेल्यांना तर तीही जागा नाही. २००५ मध्ये छत्तीसगडात सलवा जुडूम सुरू झाला. छावणीत आलास तर माओवाद्यांच्या लेखी तू पोलिसांचा, गावात राहिलास तर पोलिसांच्या लेखी तू माओवाद्यांचा. सर्वोच्च न्यायालयाने ५ जुलै २०११ रोजी आदिवासी तरुणांना विशेष पोलीस म्हणून माओवाद्यांविरुद्ध लढवणं घटनाबाह्य ठरवलं, तोवर हजारो गोंड, मुरिया कुटुंबं दोन्ही शिक्क्यांना घाबरून गोदावरीकडे, तेव्हाच्या आंध्रातल्या खम्मम भागात निघून गेली होती. तिथे त्यांना गुत्ती कोया म्हणतात. जंगलात त्यांनी झोपड्या घातल्या, वनखात्याने त्या पुन्हा पुन्हा पाडल्या. त्यांना आदिवासी असल्याचा दाखला तिथे मिळत नाही, कारण मूळ गाव दुसऱ्या राज्यात आहे.